सुभेदारांचं घर



ही व्याख्यानमाला एका कुटुंबातल्या मुलामुलींनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ सुरू केली आहे. ते काही पुढारी नव्हते. आयुष्यभर इमानानं नोकरी केली, घर चालवलं, पोरांना शिकवून मार्गी लावलं, आणि एक दिवस गेले. संयोजक मला आमंत्रण द्यायला आले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं, की विषय तुमचा तुम्ही ठरवा, पण कष्टाळू आणि कुटुंबासाठी झिजलेल्या एखाद्या माणसाची आठवण निघावी. मी लगेच एक नाव सांगितलं: सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

रामजींची ओळख आपण तीन शब्दांत करून देतो. डॉ. आंबेडकरांचे वडील. जयंतीच्या भाषणात त्यांचं नाव येतं, टाळ्या पडतात, आणि वक्ता पुढे जातो. आज मला तिथून पुढे जायचं नाही. आजचा सगळा वेळ मला त्यांच्या घरात काढायचा आहे. त्या घरात पैसा किती येत होता, तो कुठे जात होता, कंदिलातलं तेल कोणासाठी जळत होतं, कोणाची शाळा सुटली आणि कोणाची चालू राहिली, हे मला पाहायचं आहे. घरातला कर्ता माणूस घेतो ते निर्णय लहान दिसतात. ते इतिहासात नोंदले जात नाहीत. पण रामजींचे तसले निर्णय एकापुढे एक मांडले, तर आपल्या देशाच्या राज्यघटनेपर्यंत जाणारी वाट दिसायला लागते, असं मला मनापासून वाटतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. वडील मालोजी फौजेत होते. रामजीही फौजेत गेले आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. पण त्यांची नोकरी नुसती बंदुकीची नव्हती. ते फौजेतल्या शाळेत मास्तर होते, आणि चौदा वर्षं मुख्याध्यापक होते असं चरित्रकार सांगतात. कंपनी सरकारच्या काळापासून फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि महार समाजाच्या डोळ्यांत पहिला प्रकाश या लष्करी शाळांनी घातला असं त्यांचं मत होतं. ज्या माणसाला गावच्या शाळेच्या ओट्यावर कोणी चढू दिलं नसतं, तो छावणीतल्या शाळेत खुर्चीवर बसून मुलांना धडे देत होता. ही फार मोठी गोष्ट आहे. रामजींचं सगळं पुढचं वागणं मला या खुर्चीतून समजतं.

त्यांचं लग्न भीमाबाईंशी झालं. त्या मुरबाडकर घराण्यातल्या. माहेरची माणसंही फौजेतली, वरच्या हुद्द्यावरची, खाऊनपिऊन सुखी. चौदा मुलं झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. शेवटचं मूल महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलं. घरात त्याला भिवा म्हणत. तेच पुढचे बाबासाहेब.

भिवा पाळण्यात असतानाच एक गोष्ट घडली, आणि तिच्याकडे आपण पुरेसं लक्ष देत नाही. १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करभरती थांबवली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पलटणींत ही माणसं लढली, मेली, मेडलं मिळवली, तिथलं दार त्यांच्या मुलांसाठी बंद झालं. रामजींनी या बंदीविरुद्ध हालचाल केली, अर्जाचा मसुदा करण्यासाठी ते न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले होते, असं चरित्रकार नोंदवतात. बंदी काही उठली नाही. मला वाटतं, रामजींच्या पुढच्या हट्टाची मुळं इथे आहेत. आपले वडील फौजेमुळे वर आले, आपण फौजेमुळे वर आलो. मुलांनी कशानं वर यायचं? उत्तर एकच उरलं होतं. ते शाळेच्या बाकावर होतं. म्हणून रामजींचं शिक्षणवेड हे नुसतं हौशी वेड नव्हतं. ज्या बापाला एक रस्ता बंद झालेला डोळ्यांनी दिसला, त्यानं दुसऱ्या रस्त्यावर आपलं सगळं लावलं.

निवृत्तीनंतर काही काळ कुटुंब दापोलीला राहिलं. तिथे पेन्शनर शिपायांची वस्ती होती. पण पेन्शन महिना पन्नास रुपये, आणि खाणारी तोंडं पुष्कळ. साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची जागा मिळाली, आणि सुभेदारांनी साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं. निवृत्त सुभेदार-मेजर, मुख्याध्यापक राहिलेला माणूस, कुदळी-फावड्यांचा हिशेब ठेवायला बसला. त्यात त्यांना कमीपणा वाटल्याचं कुठेही दिसत नाही.

साताऱ्याला आल्यावर, १८९६ साली, भीमाबाई गेल्या. भिवा पाच वर्षांचा होता. रामजींची बहीण मीराबाई या घरात होत्या. पाठीला कुबड होतं, शरीर अधू होतं, आणि तरी त्यांनी ही पोरं उराशी धरली. बहिणींनीही आपला वाटा उचलला. साताऱ्यात परीट होते, आणि या घराला परटाचे पैसे देणं परवडतही होतं, पण अस्पृश्यांचे कपडे धुवायला परीट तयार नव्हता. न्हावी केस कापायला तयार नव्हता. कपडे बहिणी धुवत, आणि भावांची डोकी थोरली बहीण कापायची. कात्री चालवून चालवून ती त्यात चांगलीच तरबेज झाली होती, असं बाबासाहेबांनी लिहिलं आहे. सुभेदारांच्या मुलांची डोकी नीट राहावीत म्हणून एक मुलगी ओट्यावर बसून केस कापते आहे, हे दृश्य मी पुष्कळदा डोळ्यांपुढे आणतो. त्या घरात स्वाभिमान कसा जपला जात होता, ते यात दिसतं.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, पहिल्या इंग्रजीत दाखल झालं. आपल्या राज्यात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. योग्यच आहे. पण मुलाचा हात धरून शाळेत गेलेला बाप आपण त्या दिवशी आठवतो का, असं मला शिक्षकांना विचारावंसं वाटतं.

पुढे रामजींना कॅशियरचं काम मिळालं, खटाव तालुक्यात. दुष्काळ होता. माणसं हजारोंनी मरत होती, आणि त्यांना काम मिळावं म्हणून सरकारनं तलावाचं खोदकाम काढलं होतं. त्या मजुरांच्या पैशांचा हिशेब रामजींकडे. मुलं साताऱ्याला मीराबाईंजवळ, आणि बाप तिकडे एकटा. नोकरीसाठी घरापासून लांब राहण्याचं दुःख या सभागृहातल्या पुष्कळांच्या घरांत असेल. मुंबईत गिरणीत बाप आणि कोकणात किंवा घाटावर पोरं, अशी कितीतरी घरं आपण पाहिली.

१९०१ च्या उन्हाळ्यात रामजींनी मुलांना सुट्टीत आपल्याकडे बोलावलं. तो प्रवास प्रसिद्ध आहे. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं पुढे छापलेल्या आठवणींत तो पहिलाच प्रसंग आहे. नवे सदरे शिवले, चमकत्या टोप्या घेतल्या, नवे जोडे, रेशमी काठाची धोतरं. बापाला भेटायला पोरं अशी सजून निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, तर न्यायला कोणी आलं नव्हतं. ही महारांची पोरं आहेत असं कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं, आणि वर गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. बरोबर शिदोरी होती, पण पाणी कोणी देईना, म्हणून शिदोरी तशीच राहिली. टोलनाक्याजवळ रात्र काढली आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पोरं पोहोचली.

आपण ही कथा नेहमी मुलाच्या बाजूनं ऐकतो, आणि ते बरोबरच आहे, ती त्याची आहे. मला तुम्हाला आज क्षणभर दारात उभं करायचं आहे, बापाच्या बाजूला. रामजींना मुलं येणार आहेत हेच माहीत नव्हतं. मुलांचं पत्र आलं होतं, पण ते नोकरानं त्यांच्या हातात दिलंच नव्हतं. बापानं मुलांना नीट कळवून ठेवलं होतं, की निघायचा दिवस लिहा, मी स्टेशनवर शिपाई पाठवीन. सगळी व्यवस्था लावली होती. फौजेतला माणूस, हिशेबातला माणूस, कुठे काही सुटू न देणारा. आणि तरी त्याची पोरं रात्रभर तहानलेली रस्त्यावर राहिली, कारण पत्र पोहोचलं नाही, आणि पत्र पोहोचलं नाही तर या देशात त्या पोरांसाठी दुसरा काहीच आधार नव्हता. इतर कोणाची मुलं असती, तर स्टेशनमास्तरनं गाडी करून दिली असती, गावातल्या कोणीतरी तांब्याभर पाणी दिलं असतं, आणि पत्र हरवल्याची गोष्ट घरात हसत सांगितली गेली असती. बाप कितीही दक्ष असला तरी जात त्याच्या मुलांना एका चुकीचीही सवलत देत नव्हती. रामजींना त्या दिवशी काय वाटलं हे कुठे लिहिलेलं नाही. ज्यांना मुलं आहेत त्यांना मी ते सांगायची गरज नाही.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला आलं. परळला डबक चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. भांडी, कपडे, धूर, दळायचं जातं, आणि शेळीही तिथेच. एवढ्या जागेत मुलगा झोपला तर बाप जागा, बाप झोपला तर मुलगा जागा, अशी व्यवस्था सुभेदारांनी लावली. संध्याकाळी भिवाला लवकर झोपवायचं, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत बसायचं, मग त्याला उठवायचं आणि आपण आडवं व्हायचं. दोन वाजता सगळी चाळ शांत असते. मुलगा काच नसलेल्या रॉकेलच्या दिव्यापाशी पुस्तक घेऊन बसे.

या गोष्टीचं कौतुक आपण मुलाच्या चिकाटीचं म्हणून करतो. माझं लक्ष दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या माणसाकडे जातं. उतारवयाला लागलेला माणूस. भोवती गिरण्यांचा परिसर, पहाटे भोंगा व्हायचा. एक-दोन दिवस कोणीही जागेल. परीक्षेच्या हंगामात जागेल. महिनोन्‌महिने रोज रात्री दोनला दुसऱ्याला उठवण्यासाठी स्वतः जागं राहणं याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. छावणीत पहारा देण्याची सवय होतीच. म्हातारपणी त्यांनी तो मुलाच्या झोपेवर दिला.

ते स्वतः शिकवतही असत. मुलाचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी त्याच्याकडून घोकून घेतली. तर्खडकरांच्या पुस्तकांवर महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी इंग्रजीचा श्रीगणेशा केला, हे इथल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे लंडन-न्यूयॉर्कच्या पंडितांशी इंग्रजीत वाद घालणाऱ्या माणसाचं इंग्रजी आधी परळच्या खोलीत बापानं घडवलं.

आता मी ज्या प्रसंगाकडे यायला धडपडत होतो तिथे येतो. भिवाला पुस्तकांचा नाद होता, तोही शाळेच्या पुस्तकांपलीकडचा. अभ्यास सोडून इतर वाचन सुभेदारांना फारसं पसंत नव्हतं. पण पुस्तक मागितलं तर त्यांनी नाही म्हटलं नाही. खिशात पैसे नसले की ते उठत आणि धाकट्या मुलीच्या घरी जात. तिच्याकडे हातउसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही पैसे नसत, तेव्हा तिच्या अंगावरचा एखादा दागिना मागून घेत. तो मारवाड्याकडे गहाण टाकत, आलेल्या पैशांत पुस्तक घेत, आणि पेन्शन हातात आली की दागिना सोडवून लेकीला परत नेऊन देत.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, तुम्हीही ऐकली असेल. ऐकून ऐकून ती गुळगुळीत झाली आहे. तिला पुन्हा खडबडीत करायला हवं. लेकीच्या सासरी पाण्याचा घोट घेतानाही संकोचणारे बाप आपल्या समाजात पुष्कळ होते. तिथे जाऊन तिच्या अंगावरचा दागिना मागायचा! दारात जावई असेल, सासू असेल. सुभेदार-मेजर म्हणून ज्याला पलटणीनं सलाम केले, तो माणूस पायऱ्या चढून जातो आणि मुलीला हळूच विचारतो. आणि ती मुलगी देते. एकदा नाही, पुन्हापुन्हा देते. दागिना गेला की महिनाभर गळा किंवा हात मोकळा. शेजारीपाजारी विचारणार. सासरी बोलणी बसली असतील की नाही, कोणास ठाऊक. बाप पेन्शनच्या दिवशी तो परत आणून देणार यावर तिचा विश्वास होता, म्हणून हा व्यवहार चालला. तो विश्वास रामजींनी एकेक दागिना वेळेवर सोडवून कमावला होता. मंजुळा आणि तुळसा ही त्या मुलींची नावं. बाबासाहेबांच्या ग्रंथसंग्रहाची, त्यांच्या राजगृह या घरातल्या हजारो पुस्तकांची सुरुवात कुठे झाली असं मला कोणी विचारलं, तर मी या दोघींच्या गळ्याकडे बोट दाखवीन.

आणखी एक हिशेब राहिला, आणि तो सांगताना मला जड जातं. दोन मुलांना एकाच वेळी शिकवणं सुभेदारांच्या पन्नास रुपयांत बसत नव्हतं. आनंदराव हे भिवाचे थोरले भाऊ. त्यांचं शिक्षण थांबलं आणि ते कामाला लागले, म्हणजे घरात चार पैसे येतील आणि धाकट्याची शाळा चालू राहील. हा निर्णय रामजींनी घेतला. एका मुलाच्या हातातलं पुस्तक काढून दुसऱ्याच्या हातात ठेवणं हे कोणत्याही बापाला सोपं जात नाही, विशेषतः जो स्वतः मास्तर होता त्याला. मी रामजींना यात दोष देत नाही. पण आनंदरावांच्या वाट्याला आलेलं विसरून रामजींचा गौरव करणं मला मान्य नाही. कष्टाळू बापाची आठवण काढताना त्याच्या कष्टांत कोणाकोणाचे कष्ट मिसळलेले होते तेही बोललं पाहिजे. आनंदरावांच्या पश्चात त्यांची पत्नी आणि मुलगा मुकुंदराव हे बाबासाहेबांच्याच छत्राखाली राहिले. ते ऋण धाकट्या भावानं ओळखलं होतं, एवढं त्यातून कळतं.

मुंबईला येण्याआधीच सुभेदारांनी दुसरं लग्न केलं होतं. नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून भिवाच्या मनात आग पेटली. बापाच्या पैशांवर जगायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्या पोरानं ठरवलं, आणि गाडीभाड्यासाठी आत्याच्या कनवटीची पैशांची पिशवी लांबवायचा बेत केला. कित्येक रात्री प्रयत्न करून पिशवी हाती लागली, तेव्हा तिच्यात निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्यानं पोराचं मन फिरलं, आणि मन लावून शिकायचं त्यानं ठरवलं. मीराबाईंचं सगळं धन तेवढंच होतं. रामजींचं घर आदर्श होतं, तिथे कुरबूर नव्हती, असं मी तुम्हाला सांगणार नाही. चार घरांत असतं ते तिथेही होतं.

आता त्या घराच्या संध्याकाळविषयी. बाबासाहेबांनी १९५६ साली ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली. मूळ ग्रंथात ती छापली गेली नाही, पुढे प्रसिद्ध झाली. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दाराशी, या माणसाला आपले वडील आठवले. ते लिहितात, की वडील लष्करात होते तरी फार धार्मिक होते आणि त्यांनी मला कडक शिस्तीत वाढवलं. ते कबीरपंथी होते, म्हणजे मूर्तिपूजा न मानणारे, तरी मुलांसाठी घरात गणपती बसवत. मुलाला ही विसंगती तेव्हाही खटकायची. रोज रात्री झोपण्याआधी मुलांनी बहिणींना आणि कथा ऐकायला जमलेल्या माणसांना रामायण-महाभारत वाचून दाखवायचं, असा दंडक होता. तो बरीच वर्षं चालला.

एकदा मुलानं बापाला विचारलं, की ज्या पोथ्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना भरली आहे, त्या तुम्ही मला का वाचायला लावता? रामजींचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, की आपण अस्पृश्य म्हणून जन्मलो, त्यामुळे आपल्या मनात कमीपणाची भावना रुजायची फार शक्यता आहे. या कथा ती भावना घालवतात. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान माणसं कुठल्या कुठे चढली. वाल्मीकी पाहा, कोळी होता, त्यानं रामायण लिहिलं.

हा बाप धर्म शिकवत होता खरा, पण त्याला मुलाची मान ताठ राहायला हवी होती. पोथीचा तो या कामासाठी उपयोग करत होता. मुलाला यातलं बळ कळलं, पण समाधान झालं नाही. त्यानं सांगून टाकलं, की भीष्म-द्रोण मला ढोंगी वाटतात, कृष्णाचं वागणं पटत नाही, रामाचं शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी वागणं मला आवडत नाही. बाबासाहेब लिहितात, की वडील गप्प राहिले. मुलगा बंड करतो आहे हे त्यांना कळलं होतं.

त्या काळात, आणि या काळातही, असं बोलणाऱ्या पोराच्या कानाखाली बसली असती. कडक शिस्तीचा फौजी माणूस, भजन-पोथीत रमणारा माणूस, आणि त्यानं मुलाला बोलू दिलं. रामजींनी आयुष्यात जे जे केलं त्यात हे गप्प बसणं मला सगळ्यांत मोठं वाटतं. दिव्याला तेल घालणारे बाप पुष्कळ असतात. त्या दिव्याखाली वाचून मुलगा आपल्याच श्रद्धेविरुद्ध बोलायला लागला तर त्याचं तोंड न दाबणारे फार थोडे. १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळणारा माणूस ज्या घरात वाढला, त्या घरात प्रश्न विचारायला मनाई नव्हती. हे श्रेय मी रामजींना देतो, आणि ते देताना मला जराही संकोच वाटत नाही.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक प्रसंग आहे. भिवा इंग्रजी चौथी पास झाला. समाजातला इतकं शिकलेला हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांनी सत्काराची सभा घ्यायचं ठरवलं आणि सुभेदारांची परवानगी मागितली. सुभेदार साफ नाही म्हणाले. पोराच्या डोक्यात हवा जाईल, त्यानं एक परीक्षा तर दिली आहे, आणखी काय केलंय! शेवटी लोकांनी दादा केळुसकरांना मध्ये घातलं. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे नामांकित ग्रंथकार आणि सुभेदारांचे स्नेही. त्यांच्या शब्दाखातर सुभेदार वाकले, सभा झाली, आणि अध्यक्ष केळुसकरांनी मुलाला स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. पुढचा सगळा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे. ज्या बापानं रात्ररात्र जागून मुलाला इथवर आणलं, त्याला मुलाच्या सत्कारात मिरवायची हौस नव्हती.

मुलाचं लग्नही त्यांनीच लावलं, रमाबाईंशी. भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर, रात्रीच्या वेळी. कार्यालय घ्यायची ऐपत नव्हती, आणि या समाजाला जागा देणार तरी कोण होतं?

१९०७ साली भिवा मॅट्रिक झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून तो बी. ए. झाला. १९१३ च्या जानेवारीत त्यानं बडोद्याची नोकरी धरली. त्यानं तिकडे जाऊ नये असं वडिलांचं मत होतं, असं चरित्रकार सांगतात. बडोद्यात दलित तरुणाला काय सोसावं लागेल याचा अंदाज त्या अनुभवी माणसाला असावा. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. मुलगा गाडीत बसला. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचला. सुभेदारांची नजर त्यालाच शोधत होती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि गेले. तारीख २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला उतरला. ज्यासाठी रात्री जागून काढल्या ते बापाला पाहायला मिळालं नाही. पण न्यूयॉर्कहून त्या मुलानं वडिलांच्या एका जुन्या स्नेह्याला पत्र लिहिलं. आईबाप मुलांना फक्त जन्म देतात, त्यांचं नशीब घडवू शकत नाहीत, ही समजूत आपण टाकून दिली पाहिजे, आणि मुलींनाही मुलांच्या बरोबरीनं शिकवलं पाहिजे, असा त्याचा आशय आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचं हे मत कुठल्या ग्रंथातून आलं असेल असं मला वाटत नाही. त्यानं ते होताना घरात पाहिलं होतं. आणि मुलींचा उल्लेख करताना त्याला मंजुळा आणि तुळसा आठवल्या नसतील, हेही मला खरं वाटत नाही. भावाच्या पुस्तकांसाठी पैसे-दागिने देणाऱ्या त्या बहिणी स्वतः तेवढ्या शिकू शकल्या नव्हत्या.

१९२३ साली लंडनला बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाच्या चलनव्यवस्थेवरचा जाडजूड अभ्यास. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे.

मित्रहो, शेवटी एक काम सुचवतो. रामजींबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक सगळं मुलाच्या आठवणींतून आणि धनंजय कीर, चांगदेव खैरमोडे यांच्यासारख्या चरित्रकारांच्या कष्टांतून आलं आहे. त्यांचं स्वतंत्र, कागदपत्रांवर उभं असलेलं मोठं चरित्र आपल्याला हवं. पलटणींच्या नोंदी, पेन्शनच्या वह्या, बांधकाम खात्याची दप्तरं, शाळांची रजिस्टरं, यांतलं जे शिल्लक आहे ते शोधायला पाहिजे. आणि त्या चरित्रात मीराबाईंना, मंजुळा आणि तुळसा यांना, आनंदरावांना भरपूर पानं मिळायला हवीत. त्यांच्याविषयी घराघरांत अजून काही ऐकीव गोष्टी असतील, साताऱ्यात, दापोलीत, परळच्या चाळींत. ऐकणारी पिढी जायच्या आत त्या लिहून घेतल्या पाहिजेत. इथे इतिहासाचे विद्यार्थी बसले आहेत. कोणाला हे काम हाती घ्यायचं असेल, तर व्याख्यान संपल्यावर मला भेटा. माझ्याजवळची सगळी टिपणं मी तुमच्या हवाली करीन.